रजा संपताना: बाळ कुणाकडे ठेवलं, कसं रुळलं? अनुभव लिहा

माझी रजा संपली तेव्हा लेक साडेआठ महिन्यांची होती. आधीचे तीन आठवडे रोज रात्री माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळायचा, 'मी परत येणार आहे हे तिला कळेल का?' आता ती दोन वर्षांची आहे. गेल्या महिन्याभरात तीन मैत्रिणींनी मला तोच प्रश्न विचारला, म्हणून हा धागा काढते आहे. जागा किंवा माणूस ठरवताना काय बघितलंत, पहिले पंधरा दिवस कसे काढलेत, पुन्हा वेळ आली तर काय वेगळं कराल, हे लिहा. जे घडलं ते जसंच्या तसं सांगा, कुणाला तरी त्यातून वाट दिसेल. सुरुवात मी करते.

मी चार पाळणाघरं पाहिली. पहिल्या ठिकाणी भिंतीभर चित्रं, प्रत्येक खोलीत कॅमेरा, खेळणी नवीकोरी. पण दोघी ताई बाळांच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत होत्या आणि कोपऱ्यातलं एक बाळ बराच वेळ नुसतं छताकडे बघत पडलं होतं. चौथी जागा अगदी साधी. तिथल्या ताईंना एका बाळाचं डायपर बदलायचं होतं. त्या आधी त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या, 'आता तुला उचलते हं' म्हणाल्या आणि त्याने हात वर करेपर्यंत थांबल्या. माझा निर्णय तिथेच झाला.

तरीही दोन गोष्टी विचारल्या. तुम्ही इथे किती वर्षं आहात, आणि गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या? दर दोन महिन्यांनी सांभाळणारी बदलणार असेल, तर बाळाने जीव लावायचा कुणाला? नंतर एकदा न सांगता गेले, तेही संध्याकाळी, मुलं आणि ताई दोघंही दमलेली असतात तेव्हा. सकाळी दहा वाजता कुठलीही जागा छानच दिसते.

चूक झाली ती वेळेची. साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला उमगायला लागतं की नजरेआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी कापडाखाली खेळणं झाकून हेच पाहिलं होतं. म्हणजे दाराबाहेर गेलेली आई कुठेतरी आहे हे लेकीला कळत होतं, पण ती परत कधी येणार हे कळायचं वय नव्हतं. नेमकी त्याच महिन्यात मी तिला सोडायला लागले. सहाव्या महिन्यापासून रोज अर्धा तास तिथे नेऊन बसले असते, तर तो आवाज, तो वास, ती माणसं तिला ओळखीची झाली असती. पुन्हा वेळ आली तर एवढं नक्की करेन.

*

मी बाबा आहे. आमच्याकडे मुलाला रुळवायचं काम मी घेतलं, कारण पत्नीची रजा संपली होती आणि माझी शिल्लक होती. पाळणाघराच्या ताईंनी सांगितलं की त्या बर्लिनमध्ये तयार झालेली पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबाने तासभर मुलासोबत तिथेच बसायचं. त्याला पुढे ढकलायचं नाही, आपण होऊन खेळ मांडायचा नाही, नुसतं बसायचं. ते तीन दिवस त्याला सोडून कुठेही जायचं नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन खोलीबाहेर पडायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. चौथा दिवस सोमवार असेल तर ते मंगळवारवर ढकलायचं, कारण दोन दिवस घरी राहिलेलं मूल सोमवारी नव्याने चिकटतं. हे ऐकलं आणि माझा त्या ताईंवर विश्वास बसला. इतका बारीक विचार कुणीतरी केला होता.

आमचा चौथा दिवस फसला. मी बाहेर पडलो, तो रडला, ताईंनी कडेवर घेतलं तरी थांबेना. दोन-तीन मिनिटांत त्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, सगळं मुसळ केरात. त्या म्हणाल्या, "नाही हो, त्याने सांगितलं की अजून वेळ हवा." आम्हाला एकूण तीन आठवडे लागले. कधी रुळला हे मला पक्कं आठवतं. तो पडला, गुडघ्याला लागलं, मी कोपऱ्यात बसलेलो असूनही तो उठून ताईंकडे गेला. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

*

मी नजर चुकवून निघायचे. तो खेळात रमला की हळूच चप्पल हातात घेऊन बाहेर. रडणं ऐकावं लागायचं नाही, एवढाच विचार. दहा दिवसांत घरी असं झालं की मी बाथरूममध्ये गेले तरी तो दाराशी बसून आक्रोश करायचा. खेळताना दर मिनिटाला मान वळवून मी आहे ना हे बघायचा. मीच त्याला शिकवलं होतं की लक्ष गेलं की आई जाते.

मग रोज तोच निरोप ठरवला. दप्तर खुंटीला, एक पापा, 'खाऊ झाला, झोप झाली की आई येणार', आणि निघायचं. मागे वळायचं नाही, पुन्हा आत यायचं नाही. पहिला आठवडा तो जास्तच रडला. दुसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन यायचा, 'चार मिनिटांत थांबला.' तिसऱ्या आठवड्यात त्यानेच माझ्या आधी हात हलवला. वेळ सांगताना घड्याळ नको, घटना सांगा. लहान मुलाला पाच वाजणं कळत नाही, झोपून उठणं कळतं.

*

अंगावरच्या दुधाबद्दल लिहिते, कारण याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं.

सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यायचं ठरवलं होतं आणि रजा संपली तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं होतं. बाटलीला तोंड लावेना. मी दिली तर अजिबातच नाही, कारण खरी वस्तू समोर असताना त्याने बाटली का घ्यावी? शेवटी मी घराबाहेर जायचे आणि नवरा लहान कपाने पाजायचा. पहिल्या दिवशी निम्मं सांडलं, आठवड्याने जमलं. बाटलीच हवी असं काही नाही, कपाने पिणं लहान बाळालाही जमतं.

पंपाने काढलेलं दूध खोलीत, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ४ तास राहतं. फ्रिजमध्ये ४ दिवस. गोठवलेलं फ्रिजमध्ये ठेवून वितळवलं की २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायचे, ताईंना तेवढंच बघावं लागायचं. ऑफिसात दाराला कडी असलेली खोली मिळावी म्हणून मला तीनदा बोलावं लागलं. रजेवर असतानाच हे बोलून घ्या, रुजू झाल्यावर नव्हे.

आणखी एक. दिवसा तो कमी प्यायला लागला आणि रात्री दर दोन तासांनी उठायला लागला. मी घाबरले. डॉक्टरांनी वजन बघितलं, ते नीट वाढत होतं. तो दिवसाचं रात्री भरून काढत होता. महिना-दीड महिना झोपेचं खोबरं झालं, पण त्या रात्रीच्या वेळा आमच्या दोघांच्या होत्या.

*

आम्ही घरी येणाऱ्या मावशी ठेवल्या. आधीच्या दोन कुटुंबांना फोन केला. दोघांनाही एकच विचारलं, "मूल आजारी असताना त्या कशा वागल्या?" उत्तराआधी समोरचा किती वेळ थांबतो त्यावरून बरंच कळतं. पहिला आठवडा मी घरी असताना त्या आल्या, पूर्ण पगारावर. सुट्ट्या, आजारपण, उशीर झाला तर काय, हे कागदावर लिहून दोघींनी सही केली. यात अविश्वास नाही, त्यांचंही घर आहे. अडचण एकच आली, त्या आजारी पडल्या की आमचं सगळं कोलमडायचं. दुसरं माणूस आधीपासून ओळखीचं करून ठेवायला हवं होतं.

चौदाव्या महिन्यात लेक त्यांना 'आई' म्हणाली. त्या ओशाळल्या, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नंतर आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या बोल्बी यांचं लेखन वाचलं. बाळ एकापेक्षा जास्त माणसांना जीव लावतं, त्यात एक मुख्य असतं, आणि बाकीच्यांमुळे ते मागे पडत नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये जन्मलेल्या १,३६४ मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यातही हेच निघालं की मुलाच्या घडण्यात सांभाळाच्या तासांपेक्षा घर आणि आईचं मुलाशी वागणं जास्त वजनाचं ठरतं. सांभाळ चांगला असेल तर भाषेला फायदाही होतो. हे वाचल्यावर मी मावशींचा हात धरून सॉरी म्हटलं, कारण तो महिना मी त्यांच्याशी तुटक वागले होते.

*

मी आजी आहे. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी सांभाळीन, आणि मलाही हौस होती. नातू रांगायला लागेपर्यंत सगळं छान. मग माझे गुडघे बोलू लागले. दुपारी तीनपर्यंत मी इतकी थकायचे की त्याच्यापुढे टीव्ही लावून द्यायचे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको, हे सुनेने मला कधी ऐकवलं नाही, पण मला माहीत होतं. मनाला लागायचं. सांगायला तीन महिने लावले, कारण 'जमत नाही' म्हटलं की आपण नकोसे होऊ अशी भीती वाटत होती. आता तो दुपारपर्यंत पाळणाघरात असतो, तिथून मी आणते आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं. गोष्टी सांगायला त्राण उरतं. तरुण आईबाबांना सांगते, तुमच्या आईला किंवा सासूला तुम्हीच विचारा. ती आपणहून बोलणार नाही.

*

आमचा अनुभव वाईट आहे, पण लिहिते. जागेचं नाव लिहीत नाही.

सात महिन्यांचं बाळ, तिथे पाचवा आठवडा. आईबाबांनी दाराशीच थांबायचं, आत यायचं नाही, असा नियम होता. 'मुलं विचलित होतात' हे कारण मला तेव्हा पटलं होतं. रोज एक कागद मिळायचा, किती वाजता प्यायलं, कधी झोपलं. एक दिवस अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी एकला गेले, तर कागदावर चारपर्यंतच्या नोंदी आधीच लिहिलेल्या. सकाळी घातलेलं डायपर तेच. आत तीन बाळं पोटावर झोपवलेली, डोक्याशी उशा. झोपवताना बाळ पाठीवर, गादी टणक आणि सपाट, आजूबाजूला उशी-पांघरूण काही नाही, हा नियम बाळांचे जीव वाचवतो. नव्वदच्या दशकात तो सांगायला सुरुवात झाली आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू बऱ्याच देशांत झपाट्याने घटले.

त्याच दिवशी काढून घेतलं. पुढचे अकरा दिवस आम्ही दोघांनी आलटून पालटून रजा काढली. ज्या दारातून तुम्हाला आत जाता येत नाही, तिथे बाळ ठेवू नका.

*

आजारपणाची तयारी ठेवा, एवढंच. पहिल्या वर्षात आमच्याकडे सर्दी-ताप दहा वेळा तरी. डॉक्टर म्हणाले, इतर मुलांत नव्याने मिसळणाऱ्या बाळाला वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होणं अपेक्षितच आहे. रुजू होताना रजा साठवून ठेवा आणि कोणत्या दिवशी कोण घरी थांबणार ते आधी ठरवा. ताप उतरून, औषधाशिवाय २४ तास झाल्यावरच मूल घ्यायचं, असं पाळणाघर म्हणत असेल तर चिडू नका. उलट असा नियम नसेल तर विचार करा.

*

मी पाळणाघर चालवते, पंधरा वर्षं झाली. दुसऱ्या बाजूने चार शब्द.

तुम्ही मोठ्या पिशवीत सगळं देता, पण मला हवी असलेली माहिती देत नाही. झोप आली की तो कान ओढतो की डोळे चोळतो? पाण्याला काय म्हणतो? पाठीवर थोपटलेलं आवडतं की कपाळावर हात? हे एका कागदावर लिहून द्या. तुम्ही वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट द्या, मी कडेवर घेताना खांद्यावर टाकते. आणि विचारा मला, एका ताईकडे किती बाळं आहेत. वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते प्रमाण आहे. एकीकडे सात बाळं असतील तर ती कितीही प्रेमळ असो, तिला दोनच हात आहेत.

संध्याकाळचं रडणं तुम्ही फार मनाला लावून घेता. दिवसभर हसत खेळलेलं मूल आईला बघताच भोकाड पसरतं आणि आई माझ्याकडे संशयाने बघते. मेरी एन्सवर्थ या संशोधिकेने वर्षभराच्या मुलांना आईपासून थोडा वेळ दूर ठेवून पाहिलं होतं. तिने सर्वात जास्त लक्ष दिलं ते आई परत आल्यावर मूल काय करतं याकडे. जवळ येतं का, कुशीत शांत होतं का? रडत येऊन तुमच्या गळ्यात पडणारं मूल दिवसभर धरून ठेवलेलं तुमच्यापाशी मोकळं करतं. घाई करू नका, दहा मिनिटं तिथेच जमिनीवर बसा, मग चपला घाला.

*

माझी रजा १९ दिवसांनी संपते. बाळ सहा महिन्यांचं. जागा ठरली आहे, पण अजून एकदाही नेलेलं नाही. वरचे अनुभव वाचून पोटात गोळा आला. आता उशीर झाला का?

*

नाही झाला. उद्या तासभर जा, काही न करता बसा. तीन दिवस तसंच. चौथ्या दिवशी निरोप घेऊन दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर. सोमवार आला तर मंगळवारी. त्यातून जेवढं जमेल तेवढं वाढवत न्या आणि कामावरचा पहिला दिवस आठवड्याच्या मध्यावर घ्या, म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येईल. कानाचं, पाण्याचं, थोपटण्याचं आजच लिहून काढा. उद्या संध्याकाळी इथे सांगा कसं गेलं ते, मी वाट बघते.