मदत हवी आहे : ब्लॉक ड्रायव्हर काढताना आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) अडकून बसतं

नांदेडला कॉलेज प्रोजेक्टसाठी लिनक्सचा छोटा ब्लॉक ड्रायव्हर (डिस्क चालवणारं कर्नल मॉड्यूल) लिहितोय. खरी डिस्क नाही, 64 एमबी रॅमच डिस्क म्हणून दाखवायची. उबुंटू 24.04, कर्नल 6.8, सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये. त्यामुळं मशीन बसलं तरी चिंता नाही.

मॉड्यूल लोड होताना आधी टॅग सेट (रिक्वेस्टचे नंबर ठेवणारी रचना), मग ब्लॉक-एमक्यूची (कर्नलच्या रिक्वेस्ट रांगांची) डिस्क, सेट कपॅसिटीत 131072 सेक्टर (512 बाइटचे), शेवटी ॲड डिस्क. एलएसबीएलकेत (डिस्कची यादी) डिस्क दिसते, ईएक्सटी4 फाइलसिस्टम पण बनते. मॉड्यूल लगेच काढलं तर गुमान निघतं. पण डीडी कमांडनं डिस्कवरून बरंच वाचून मधेच थांबवलं, की आरएममॉड डेल जेनडिस्कमध्ये (डिस्क काढणारं कर्नल फंक्शन) अडकतं. स्टॅकमध्ये फ्रीझ क्यू वेट (रांगेतल्या रिक्वेस्ट संपायची वाट बघणं) दिसतं, मग डीमेसगला (कर्नलचा लॉग) 120 सेकंद अडकल्याची तक्रार.

माउंट काही नाही, एलएसओएफ (उघड्या फायलींची यादी) रिकामं. ॲड डिस्कचा एरर तपासतो. काढताना डेल जेनडिस्क, पुट डिस्क, मग टॅग सेट, हाच क्रम आहे. जुनी उदाहरणं सांगू नका, त्यांतलं ब्लॉक इनिट क्यू (रांग बनवायचं फंक्शन) कर्नल 5.0 पासून गेलंय.

मला वाटतं, क्यू आरक्यूच्या (रिक्वेस्ट हाताळणारं माझं फंक्शन) एखाद्या वाटेनं रिक्वेस्ट एंड न होताच ओके परततेय. नेमकी कोणती रिक्वेस्ट लटकलीय, हे डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टम) कुठं बघायचं? आणि सेक्टर हद्दीबाहेरचा आला तर एंड रिक्वेस्ट मीच करायची, की नुसता आयओ एरर परत दिला तर कर्नल स्वतः करतो?