मदत हवी आहे: जीपीएसचा बायनरी डेटा सर्व्हरवर तुटका येतोय

ऊसगाडी_७: कारखान्याला ऊस घालणाऱ्या ६० गाड्यांवर जीपीएस बसवलेत, सर्व्हर मी लिहिलाय. पॅकेट (यंत्राचा एक संदेश) कधी अर्धंच येतं, कधी दोन चिकटून. लॅपटॉपवर एकदाही चुकलं नव्हतं. रिसीव्हचा (एका वेळी किती बाइट वाचायचे तो) आकडा १०२४ चा ४०९६ केला, फरक शून्य. गाळप सुरू झालंय, वाहतूकदारांचे सारखे फोन येतायत. कृपया लवकर सांगा.

नेटवाला: भाषा कुठली? यंत्राचा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशाची ठरलेली रचना, कुठला? डेटा नेटवरून टीसीपीने येतो की यूडीपीने?

ऊसगाडी_७: पायथन, टीसीपी, प्रोटोकॉल जीटी०६. दर गाडीला एक थ्रेड (प्रोग्रॅममधलं वेगळं, समांतर चालणारं काम). कोड ऑफिसात आहे, आत्ता टाकता येणार नाही.

घाटमाथा: सिम बदला. आमच्याकडे रेंज गेली की असाच गोंधळ व्हायचा, दुसऱ्या कंपनीची सिम घातली आणि थांबला.

जुना_जावावाला: सिमचा संबंध नाही. वाटेत बाइट हरवले तर टीसीपी ते पुन्हा मागवून क्रमानेच देतं. पण पॅकेट कुठे सुरू, कुठे संपलं हे त्याला माहीतच नसतं, त्याच्या लेखी सगळे बाइट सलग. १०२४ म्हणजे जास्तीत जास्त तेवढे, ३ सुद्धा येतील. लॅपटॉपवर दोन्ही टोकं एकाच मशीनवर, म्हणून निभावलं. जावात या, तिथल्या नेटी या नेटवर्क लायब्ररीत लांबीवरून पॅकेट तोडणारा डिकोडर तयार आहे.

नेटवाला: अहो, भर हंगामात भाषा बदलायला काय सांगता! पायथनमध्ये दर जोडणीला वेगळा बाइटअ‍ॅरे (बाइट साठवायची जागा, म्हणजे बफर) ठेवा, आलेलं त्यात जोडत जा, पूर्ण पॅकेट झालं की कापून घ्या, उरलेलं तसंच राहू द्या. आणि रिसीव्हमधून रिकामं आलं की समोरच्याने जोडणी बंद केली असं समजून थ्रेड संपवा, नाहीतर तो फिरत बसेल.

जुना_जावावाला: ६० थ्रेडवर चालेल हो, ६,००० गाड्या झाल्या की मग?

नेटवाला: त्यांच्या ६० च आहेत.

शिवार: आमच्या ट्रॅक्टरला बसवायचंय. बॅटरी उतरते का?

ऊसगाडी_७: बफर केला, चिकटणं थांबलं, आभारी आहे. पण एक सांगायचं राहिलं. रोज संध्याकाळी ६:४० ला सगळ्या गाड्या नकाशावर मिनिटभर जागच्या जागी थांबतात. एकदम सगळ्या.

घाटमाथा: त्या वेळी नेटवर्कवर लोड असतो.

नेटवाला: रोज त्याच मिनिटाला? पॅकेट संपलं हे कशावरून ठरवता?

ऊसगाडी_७: शेवटी ०डी ०ए हे दोन बाइट असतात ना, ते दिसले की कापतो.

नेटवाला: सापडलं. यंत्र वेळ यूटीसीत (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) पाठवतं. आपले ६:४० म्हणजे तिकडचे १३:१०. हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) १३ म्हणजे ०डी, १० म्हणजे ०ए. लोकेशनच्या पॅकेटमध्ये तास आणि मिनिट शेजारी शेजारी असतात, तुमचा कोड तिथेच कापतो आणि दोन्ही तुकडे सीआरसीत (पॅकेट शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) नापास होतात. तारीख आणि तासही शेजारीच आहेत, म्हणजे दर १३ तारखेला दुपारी साडेतीन ते साडेचार अख्खा तास जात असणार.

शेवट शोधू नका, लांबी वाचा. ७८ ७८ नंतरचा बाइट लांबीचा. त्यात ५ मिळवा: सुरुवातीचे २, लांबीचा १, शेवटचे २. लॉगिनचं पॅकेट १३ अधिक ५, म्हणजे १८ बाइट. लोकेशनचं ३१ अधिक ५, ३६. ०डी ०ए फक्त पडताळणीला. सीआरसी चुकला तर एक बाइट टाकून पुढचं ७८ ७८ शोधा.

जुना_जावावाला: बरोबर. फक्त ७९ ७९ ने सुरू होणाऱ्या पॅकेटमध्ये लांबी २ बाइटची, तिथे ६ मिळवा.

ऊसगाडी_७: मागच्या १३ तारखेच्या नोंदी उघडल्या. साडेतीन ते साडेचार एकही नोंद नाही. त्या दिवशी मी ड्रायव्हरांना बोललो होतो, यंत्राची वायर काढली म्हणून. आज त्यांना फोन करून सांगतो. कोड बदलायला घेतलाय.

ऊसगाडी_७: ६:४३ झाले. साठही गाड्या चालू दिसतायत.

नेटवाला: छान. @शिवार, गाडीच्या बॅटरीवर जोडलं तर ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहिला की थोडी उतरते. वायरिंग करणाऱ्याला फ्यूज घालायला सांगा.