गोदामात खोकी उचलून कमरेत उसण भरतेय, पट्टे घ्यावेत की दुसरं काही?

पॅकिंगवाली
नमस्कार मंडळी. मी गोदामात पॅकिंगची सुपरवायझर आहे, हाताखाली नऊ जण. चार महिन्यांत तिघांची पाठ धरली. काम असं : पॅलेटवरून खोकं उचलायचं, वळायचं, मागच्या कन्व्हेयरवर ठेवायचं. खोकं १८ किलोचं.

वरचे म्हणतात, सगळ्यांना कंबरेचे पट्टे देऊ आणि 'गुडघे वाकवून उचला' असं एक प्रशिक्षण ठेवू. पैसे एकदाच मंजूर होणार आहेत, म्हणून विचारतेय. तुमच्याकडे कशाचा खरंच फरक पडला?

एक गोष्ट मनातून जात नाही. शेवटच्या मुलाला दुखापत झाली तेव्हा मी समोरच होते. हातात ६ किलोचं हलकं खोकं, शिफ्ट संपायला अर्धा तास. पॅलेटच्या कडेला एक गुडघा टेकवून तो पुढे झेपावला, पलीकडच्या खोक्याखाली बोटांची टोकं घातली, ओढलं आणि वळता वळता तिथेच थिजला. खोकं खालीही ठेवता येईना. मी जाऊन हातातून काढून घेतलं. इतक्या हलक्या वजनाने असं कसं होतं?

हमालदादा
ताई, पट्टा मी सहा वर्षं बांधला. बांधला की अंगात बळ आल्यासारखं वाटतं आणि माणूस जास्त उचलायला जातो. माझी पाठ पट्टा बांधलेला असतानाच गेली.

सेफ्टीवाला
हमालदादांशी सहमत. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं की निरोगी माणसाची दुखापत पट्ट्याने टळते याला पुरेसा पुरावा नाही. २००० साली दुकानांतल्या माल हाताळणाऱ्यांवरचा त्यांचा मोठा अभ्यास आला, त्यातही फरक दिसला नाही. नुसत्या प्रशिक्षणाचंही तेच. गुडघे वाकवायला सांगणं चूक नाही, पण माल पायाशी आणि हातभर लांब ठेवून माणसालाच शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. माल हलवा.

याच संस्थेचं उचलण्याचं सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं. सगळं अनुकूल असेल तर मर्यादा २३ किलो. अनुकूल म्हणजे ओझं घोट्यांपासून २५ सेंमीच्या आत, हात जमिनीपासून ७५ सेंमीवर, अंगाला पीळ नाही, पकड चांगली. आता तुमचं पलीकडच्या रांगेतलं खोकं घ्या. हात ५० सेंमी लांब गेले की २३ चे थेट निम्मे होतात, ११.५. तेच खोकं तळाच्या थरात, हात १५ सेंमीवर असतील, तर ९.४. त्यातून वळणं आणि दिवसभराची संख्या अजून वजा व्हायचीच आहे. तुमची माणसं १८ उचलतात!

म्हणून फीत घेऊन आधी दोनच आकडे घ्या : हात किती लांब जातात आणि किती खाली जातात. पैसे मागायचे तर उंची कमीजास्त होणाऱ्या आणि गोल फिरणाऱ्या पॅलेट टेबलासाठी मागा. फिरवलं की पलीकडची रांग अलीकडे येते, झेपावणं संपतं.

फिजिओताई
६ किलोबद्दल सांगते, कारण हा प्रश्न माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो. पाठीला खोक्याचं वजन एकटं कळत नाही, ते किती लांब धरलंय तेही कळतं. १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या मणक्यातल्या चकतीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. नुसतं उभं असताना ०.५ मेगापास्कल. २० किलो छातीशी धरल्यावर १.१. तेच २० किलो ६० सेंमी पुढे धरल्यावर १.८. शिवाय पूर्ण झेपावलेल्या माणसाची पाठ आधी स्वतःच्या धडाचं ओझं पेलत असते. त्यात पीळ आणि शिफ्टभराचा थकवा. खोकं हलकं होतं, पण ती उचल हलकी नव्हती. त्या मुलाला 'एवढ्याशाने कसं झालं' असं कुणी म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

ज्यांना दुखतंय त्यांना पडून राहायला लावू नका. सोसेल तसं चालणं-फिरणं आणि काही दिवस हलकं काम. मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत-बैठकीत बधिरपणा आला, पाय लुळे पडू लागले, तर त्याच तासाला हॉस्पिटल. उद्या बघू म्हणू नका.

हमालदादा
वळण्याबद्दल एक सांगतो. कन्व्हेयर पॅलेटला चिकटून असेल तर पाय जागीच रुततात आणि कंबर फिरते. तो दोन पावलं लांब घ्या, पाय आपोआप उचलले जातात. आम्हाला आधी वाटलं चालणं वाढलं, आठवड्यात सवय झाली. आणि खोक्याला हात घालायला खाच पाडून मागा. बोटांच्या टोकांवर धरलेलं ओझं अंगाशी येतच नाही.

पॅकिंगवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवणाच्या सुट्टीत फीत लावली. पलीकडच्या रांगेला हात ५८ सेंमी लांब, तळाच्या थराला १७ सेंमीवर. कन्व्हेयर ६० सेंमी अंतरावर होता, दुपारीच मागे सरकवला. फिरत्या टेबलाचा अर्ज आकड्यांसकट लिहून ठेवलाय, पट्ट्यांची मागणी काढून टाकली. त्या मुलाशीही बोलले. त्याला वाटत होतं आपणच कमजोर आहोत.

टेबल येईपर्यंत तळाच्या दोन थरांचं काय करू?

सेफ्टीवाला
भरलेल्या पॅलेटखाली दोन-तीन रिकामी, धडकी पॅलेट्स रचा, तळ तीसचाळीस सेंमी वर येईल. ढीग डगमगत नाही ना ते आधी हलवून बघा. आणि तितकेच थर वरून कमी भरायला सांगा, नाहीतर वरचं खोकं खांद्याच्या वर जाईल आणि कमरेचं दुखणं खांद्यात येईल. पलीकडच्या रांगेसाठी पॅलेट भिंतीपासून सोडवून ठेवा, चारी बाजूंनी माणूस फिरू शकला पाहिजे.