मदत हवी आहे : पूर्वी भास झालेल्या व्यक्तीने संमोहन घ्यावे का?

आम्ही सांगलीत राहतो. माझ्या धाकट्या बहिणीला काही वर्षांपूर्वी कोणी बोलत नसतानाही कानात आवाज ऐकू येण्याचा त्रास झाला होता; मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या आजही नियमित चालू आहेत आणि त्या बंद करण्याचा प्रश्नच नाही. तिला फिट्स येत नाहीत. सध्याची तक्रार झोप न लागण्याची आहे. चहा सोडणे, श्वसनाचे व्यायाम, झोपेची ठरावीक वेळ हे सारे करून झाले.

एका संमोहनकाराने 'बालपणीच्या आठवणीत नेऊन' मूळ कारण शोधण्याचे सुचवले आहे. सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटणाऱ्या मनोविकाराचा) इतिहास असलेल्यांनी संमोहन शक्यतो टाळावे, तसेच अशा प्रयोगात न घडलेल्या घटनाही खऱ्या आठवणी वाटू लागतात, असे माझ्या वाचनात आले. मला दुसरा धोका अधिक गंभीर वाटतो, कारण त्यातून घरातल्या माणसांवरच संशय जडू शकतो. पात्रता विचारली असता त्या संमोहनकाराने अल्पमुदतीच्या शिबिराचे प्रमाणपत्र दाखवले. आमच्या डॉक्टरांची भेट पुढील महिन्यात आहे, तोवर नकारच कळवला आहे.

अशा रुग्णासाठी केवळ शिथिलीकरणापुरते संमोहनही टाळावे का, आणि सांगली-मिरज परिसरात भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले, निद्रानाशावर वर्तनोपचार करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोठे भेटतील?