स्वर्ग, वैकुंठ आणि माशेलचा चिखलकालो

काहीजण विचारतात की वैकुंठ नित्य आहे, तर मग पुण्य सरल्यावर जीव खाली कसा येतो? इथं स्वर्ग आणि परमधाम (म्हणजेच वैकुंठ) यांची गल्लत होतेय. गीतेच्या आठव्या अध्यायात ब्रह्मलोकापर्यंतचे सगळे लोक पुनरावर्ती म्हटले आहेत, म्हणजे तिथून परतावंच लागतं. पुढे २०व्या आणि २१व्या श्लोकांत सगळे प्राणिमात्र नष्ट झाले तरी जे नष्ट होत नाही, जिथं पोचलेला परत येत नाही, ते 'परम धाम' सांगितलंय. पुण्य सरल्यावर परतणं आहे ते स्वर्गातून. परमधाम पुण्याच्या हिशोबात बसतच नाही; २२वा श्लोक ते अनन्य भक्तीने लाभतं असं स्पष्ट सांगतो.

आणि भक्तीला मरणापर्यंत थांबावं लागत नाही, हे आम्हा गोंयकारांना कुणी वेगळं शिकवायला नको. आषाढी एकादशीला गोव्यातल्या माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळात भजन सुरू होतं, रात्रभर पखवाज आणि टाळ थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगाला तेल चोपडलेली माणसं, थोरली नि पोरं एकत्र, देवाच्या पाया पडून पटांगणातल्या चिखलात उतरतात आणि कृष्णाचे बाळपणीचे खेळ खेळतात; हाच चिखलकालो. लीला ऐकायची नव्हे, तिच्यात शिरायचं. गोलोकात, म्हणजे कृष्णाच्या नित्य धामात, जे सदा चालतं म्हणतात, त्यात सामील होण्याची ही साधना आहे असं मी मनापासून मानतो. तुकोबांनीही मुक्तीपेक्षा संतसंग मागितला, त्यासाठी गर्भवास, म्हणजे पुन्हा जन्म घेणंसुद्धा पत्करलं.

पुढच्या आषाढीला या. फक्त चिखल बघायला नको, आदल्या रात्री भजनाला बसा.