स्टार प्रचारकाची सभा कोणाच्या खात्यात?

निवडणुकीत खर्चाची मर्यादा उमेदवाराला असते, ‘पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही’ असं म्हणतात ते बरोबर, पण म्हणून नेत्याची प्रत्येक सभा पक्षाच्या नावावर खपत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ मधली सवलत मुख्यतः स्टार प्रचारकाच्या, म्हणजे पक्षाने निवडणूक आयोगाला नाव कळवलेल्या नेत्याच्या, प्रवासाला आहे. उमेदवार मंचावर बसला, किंवा बॅनरवर त्याचा फोटो लागला, की मंडप-खुर्च्या-माइकचा खर्च त्याच्या माथी. तीन उमेदवार बसले तर तिघांत वाटून.

गडबड होते ती ताळमेळात. उमेदवाराचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत जातो, पक्षाचा विधानसभेला ७५, लोकसभेला ९० दिवसांत. पक्षाने दिलेली रक्कम दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. तारीख आणि चेक नंबर तेव्हाच जुळवून ठेवलेले बरे. शिवाय आयोगाच्या खर्च निरीक्षकांची छाया नोंदवही, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची त्यांनी स्वतंत्र ठेवलेली नोंद, असतेच, व्हिडिओतल्या खुर्च्या मोजून भरलेली.