ॲनफिल्डची आसने एकसष्ट हजारांवर गेली, तरी तिकीट स्वस्त का झाले नाही?

पेठकरी (कोल्हापूर)

नमस्कार. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की पेठांमधली माणसे चालत मैदानावर येतात. त्यामुळे मैदानाचा विस्तार, तिकिटाचा दर आणि सामन्याच्या दिवसाची वाहतूक या तीन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, याचा विचार करण्याची वेळ आमच्यावर फारशी आलेली नाही. सध्या मी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल फुटबॉल संघाच्या ॲनफिल्ड मैदानाविषयी वाचत आहे आणि एका शंकेपाशी अडलो आहे. २०१६ मध्ये मुख्य स्टँड उंचावून सुमारे साडेआठ हजार आसने वाढवली गेली आणि त्यानंतर ॲनफिल्ड रोड स्टँडमध्ये आणखी सात हजारांची भर पडली. पंचेचाळीस हजारांचे मैदान अशा रीतीने एकसष्ट हजारांचे झाले. पुरवठा वाढला की दर उतरतात, निदान वस्तू सहज मिळू लागते, असे आपण शाळेत शिकलो. येथे तर दोहोंपैकी काहीच घडलेले दिसत नाही. याचे कारण काय असावे? आणि मैदानालगत रेल्वे स्थानक नसताना एवढा समुदाय तेथे येतो-जातो कसा? पुढच्या हंगामात तिकडे जाण्याचा विचार असल्यामुळे प्रश्न थोडा स्वार्थाचाही आहे.

मर्सीकाठ (लिव्हरपूल)

पेठकरी, पुरवठ्याचा नियम येथे खोटा ठरलेला नाही. मागणी आसनांपेक्षा इतकी पुढे आहे की सोळा हजार आसनांची भर त्या दरीत दिसतसुद्धा नाही. सीझन तिकिटाची, म्हणजे पूर्ण हंगामाच्या तिकिटाची, प्रतीक्षायादी कित्येक वर्षे हलत नाही, आणि सभासदत्वाचे पैसे भरूनही हाती येते ते केवळ सोडतीत नाव घालण्याचा हक्क, म्हाडाच्या घरासारखा. शिवाय वाढलेली सगळीच आसने सामान्य प्रेक्षकांसाठी नसतात. नव्या स्टँडचा खर्च लवकर भरून निघावा म्हणून जेवणखाण, आरामकक्ष आणि उत्तम जागा असलेली महागडी आसने त्यात मुद्दाम राखली जातात. मुख्य स्टँडच्या विस्तारातही हा विचार मोठा होता.

दर ज्यामुळे आटोक्यात राहिले ते कारण निराळे आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे. नवा मुख्य स्टँड उभा राहत असतानाच, फेब्रुवारी २०१६ मध्ये, पुढील हंगामासाठी ७७ पौंडांचे सर्वांत महाग तिकीट जाहीर झाले. त्यानंतरच्या संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून मैदानाबाहेर गेले. तेव्हा लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होता. सामना २-२ असा बरोबरीत संपला. काही दिवसांतच अमेरिकी मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचा दर मागे घेतला आणि सर्वाधिक दर ५९ पौंडांवर दोन हंगामांसाठी गोठवला. त्याच्या पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेतल्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली. अर्थात ती मागणी समर्थकांच्या संघटना त्याआधीपासून लावून धरत होत्या. २०२४ मध्ये दोन टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा इटलीच्या अटालांटा संघाविरुद्धच्या युरोपा लीग सामन्यात कॉप या कट्टर समर्थकांच्या स्टँडवर एकही मोठा झेंडा फडकला नाही. त्या रात्री संघ ०-३ असा हरला, त्याचा दोष झेंड्यांना देण्याचे कारण नाही. पुढे २०२५-२६ साठी दर पुन्हा गोठवण्यात आले.

लंडनचे आर्सेनल हे याहून ठळक उदाहरण आहे. २००६ मध्ये हा क्लब सुमारे ३८ हजारांच्या हायबरीतून साठ हजारांच्या एमिरेट्स मैदानात गेला आणि त्यानंतरही त्याची तिकिटे इंग्लंडमधल्या सर्वांत महागड्या तिकिटांतच गणली गेली.

रूळवाट (उत्तर लिव्हरपूल)

वाहतुकीविषयी मी लिहितो, कारण मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्यांनाच तिची झळ पोचते.

लाइम स्ट्रीट हे मुख्य स्थानक ॲनफिल्डपासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. मर्सीरेल या स्थानिक रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गावरची सँडहिल्स आणि कर्कडेल ही स्थानके त्या मानाने जवळ आहेत. कर्कडेलला उतरून लोक वीस-पंचवीस मिनिटे चालतात, तर सँडहिल्सहून सामन्याच्या दिवशी खास बस सोडल्या जातात. शहराच्या मध्यातूनही बस निघतात. मात्र सामना संपल्यावर पहिला अर्धा तास त्या गर्दीतून मुंगीच्या गतीने सरकतात, त्यामुळे धडधाकट माणसे पायीच निघतात. मोटारीने येणाऱ्यांसाठी आजूबाजूच्या वस्तीत वाहने लावणे जवळजवळ बंद आहे, कारण सामन्याच्या दिवशी तेथे केवळ परवानाधारक रहिवाशांना वाहन लावता येते.

खेदाची गोष्ट ही की रेल्वेचा एक मार्ग या भागातून आजही जातो. कॅनडा डॉक शाखा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मार्गावर वॉल्टन अँड ॲनफिल्ड नावाचे प्रवासी स्थानक होते. ते १९४८ मध्ये बंद झाले. आता तेथून बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्या धावतात. प्रवासी सेवा पुन्हा सुरू करण्याची मागणी अधूनमधून होते, परंतु वर्षातून तीसेक दिवस काही तास उसळणाऱ्या गर्दीसाठी मालवाहतुकीच्या मार्गावर स्थानक उभारण्याचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नापाशी ती थांबते. क्लबने आसने वाढवायची आणि त्या आसनांवर बसणाऱ्यांना आणण्या-नेण्याचे काम नगर परिषद व वाहतूक प्राधिकरणाने करायचे, अशी ही विभागणी आहे.

त्यातच २०२५ मध्ये शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन याने आपले जुने मैदान गुडिसन पार्क सोडून ब्रॅमली-मूर गोदीतल्या सुमारे ५३ हजार आसनांच्या नव्या मैदानावर मुक्काम हलवला. त्याला सर्वांत जवळचे स्थानक कोणते, तर तेच सँडहिल्स. स्थानक लहान असल्याने सामन्यानंतर फलाटावर एकदम गर्दी होऊ नये म्हणून बाहेर रांगांसाठी खास जागा करावी लागली आहे. दोन्ही क्लबांचे घरचे सामने एकाच दिवशी ठेवले जात नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. विस्ताराची किंमत शेजाऱ्यांनीही मोजली आहे. मुख्य स्टँडच्या मागे लोथेअर रोडवर घरांच्या रांगा होत्या. पुढेमागे विस्तार करता यावा म्हणून क्लबने त्यांतली घरे विकत घेतली आणि वर्षानुवर्षे रिकामी, पत्रे ठोकून बंद ठेवली. शेजारचे घर असे ओसाड पडल्यावर उरलेल्यांच्या घरांना काय मोल राहते, हे सांगायला नको. आज तेथे दिमाखदार स्टँड आहे आणि तो सुंदरही दिसतो, पण या शहरात त्याचे कौतुक ऐकताना हा भाग सहसा गाळला जातो.

ताळेबंद (पुणे)

वरच्या दोन्ही प्रतिसादांत क्लबची बाजू आलेली नाही, म्हणून थोडे लिहितो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात लिव्हरपूलचे एकूण उत्पन्न सुमारे ६१.४ कोटी पौंड होते आणि तरीही करपूर्व तोटा ५.७ कोटी पौंडांचा झाला. खेळाडूंचे पगार, वीज, सुरक्षा अशा सर्वच बाबींचा खर्च वाढत असताना तिकिटाचा दर मात्र वर्षानुवर्षे तोच राहावा ही अपेक्षा कितपत रास्त आहे? ॲनफिल्ड रोड स्टँडचे काम चालू असताना मूळ कंत्राटदार बकिंगहॅम ग्रुप २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेला, दुसरी कंपनी नेमावी लागली आणि वरचा मजला ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिराने प्रेक्षकांसाठी पूर्ण खुला झाला. असा धोका क्लबच पत्करतो. दोन टक्के वाढ ही तर महागाईच्या दरापेक्षाही कमी होती.

मर्सीकाठ (लिव्हरपूल)

ताळेबंद, आकडे आपण बरोबर दिले आहेत, परंतु त्यांतलीच पुढची ओळ वाचावी. त्याच वर्षी सामन्यांच्या दिवसांचे उत्पन्न सुमारे १०.२ कोटी पौंड होते, म्हणजे एकूण उत्पन्नाचा साधारण सहावा हिस्सा. आणि त्यात महागड्या आरामकक्षांचाही वाटा मोठा आहे. प्रायोजक आणि अन्य व्यावसायिक करारांतून त्याच्या तिप्पट पैसा आला. सामान्य आसनांवर दोन टक्के वाढवून तोट्याचे खिंडार बुजणार नव्हते. उलट प्रायोजकाला आणि दूरचित्रवाणीला जे विकले जाते, तो कॉपचा आवाज आणि झेंडे, ते पुरवणारी माणसे हीच साध्या तिकिटावर येणारी आहेत.

दूरचित्रवाणीचा आणखी एक भार याच माणसांवर पडतो. सामन्याची वेळ प्रक्षेपणाच्या सोयीने शनिवारी दुपारी साडेबाराला हलवली की लंडनच्या समर्थकाला पहाटेच निघावे लागते, सोमवारी रात्री आठला हलवली की परतीची शेवटची गाडी मिळत नाही, आणि दोन्ही वेळा आधी स्वस्तात काढलेले रेल्वेचे तिकीट वाया जाते. तीस पौंडांच्या मर्यादेने वाचवलेले पैसे रेल्वे आणि हॉटेल घेऊन जातात. दराची चर्चा केवळ मैदानाच्या दारापुरती करता येत नाही, ती यासाठीच.

र्‍हाईनवासी (जर्मनी)

याला जोडून डॉर्टमुंडचे उदाहरण देतो. तेथील मैदानात ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात आणि दक्षिणेकडच्या एकाच स्टँडमध्ये सुमारे २५ हजार माणसे उभी राहून सामना पाहतात. उभ्याची जागा स्वस्त असते. शिवाय सामन्याचे तिकीटच त्या दिवशी परिसरातल्या सार्वजनिक वाहतुकीचे तिकीट म्हणून चालते. क्लब आणि वाहतूक मंडळ यांचा तसा करार असतो, त्यामुळे प्रवासाची जबाबदारी कोणाची हा वाद दरवाजापाशीच मिटतो. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरो मैदानावर झालेल्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे मोठ्या मैदानांत सर्व प्रेक्षकांना आसने सक्तीची झाली, त्यामागची कारणे गंभीर होती. तरी स्वस्त जागा नाहीशा होण्याचा एक टप्पा तोही होता. जर्मनीत सारे आलबेल आहे असेही नाही. ॲनफिल्डमधील त्या बहिर्गमनानंतर तीनच दिवसांनी, श्टुटगार्टमधल्या चषक सामन्यात, डॉर्टमुंडच्या समर्थकांनी तिकीटदरांच्या निषेधार्थ मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले होते. फरक असा की बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे ठेवणारा नियम येथे आहे, त्यामुळे ओरडणाऱ्याला बैठकीत मतही देता येते.

पेठकरी (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. मर्सीकाठताई, आता स्वार्थाचे विचारतो: सोडतीत नाव न लागल्यास बाहेरून तिकीट घेणे कितपत सुरक्षित आहे? संकेतस्थळांवर तर दुप्पट-तिप्पट दराने भरपूर तिकिटे दिसतात.

मर्सीकाठ (लिव्हरपूल)

त्या वाटेला जाऊ नये. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे तिकीट अनधिकृतपणे विकणे हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आता प्रवेश मोबाइलमधल्या डिजिटल पासवर असल्यामुळे दुसऱ्याच्या नावाचा पास फाटकावर अडण्याची शक्यता मोठी असते. क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर सभासद होऊन नोंदणीच्या तारखा पाळाव्यात. नाव लागले नाही तरी सभासदांनी परत केलेली तिकिटे सामन्याच्या आधीच्या दिवसांत तेथेच पुन्हा विक्रीला येत असतात. खर्चाची तयारी असेल तर क्लबचेच जेवणासहित तिकीट घ्यावे. ते महाग आहे, पण खरे असते. लीगच्या मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्याऐवजी देशांतर्गत चषकाची सुरुवातीची फेरी निवडली, तर तिकीट मिळण्याची शक्यताही वाढते आणि दरही कमी असतो. परतीचे रेल्वे तिकीट मात्र सामन्याची वेळ पक्की झाल्याशिवाय काढू नये.